ओलं मलम

मुरुमांचं मलम ओलं असताना लागलं तर कपड्याचा रंग उडतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ती गाल वाळायची वाट पाहत बसली होती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या तरुण शिंप्याचा फोन आला. त्याला स्वतःचं दुकान मिळालं होतं. ती धावत खाली गेली आणि त्याच्या गळ्यातच पडली.

संध्याकाळी तो तिच्या आईला बातमी सांगायला वर आला. निळ्या शर्टाच्या खांद्यावर गालाएवढा पांढरा डाग होता. आईने आधी डाग पाहिला, मग लेकीला.

"या औषधाने रंग उडतो म्हणे."

"कपड्याचा," लेक पुटपुटली.

"तेच म्हटलं. तुझ्या तोंडावर तर चढलाय." मग आई दारात अवघडलेल्या शिंप्याकडे वळली. "या जावईबापू, बसा."