स्क्रीनवरचा पत्ता

"आधी गाडी बंद कर," ओटेंग शेडच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडला. "चालू स्क्रीनवर बोट लागलं की भलतंच काहीतरी उघडतं."

"मला शिकवतोयस?" सेथुन्या म्हणाली आणि तिने चावी फिरवली.

डॅशबोर्डवरची स्क्रीन काळी झाली, तसे तिच्यावरचे बोटांचे ठसे उठून दिसले. सेथुन्याने मऊ फडक्याचा कोपरा डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर केला, हलक्या हाताने पुसलं, मग कोरडं फडकं फिरवलं. फ्रान्सिसटाउनमधल्या ओटेंगच्या या गाड्या धुण्याच्या शेडमध्ये ते काम तिच्याकडेच असे. बाकीच्या बायका काच पुसायचं निळं औषध थेट स्क्रीनवर मारायच्या. वरचा थर जायचा, नाहीतर औषध कडेच्या फटीतून आत उतरायचं. सेथुन्याच्या हातून आजवर एकही स्क्रीन बिघडली नव्हती.

डाग राहिलाय का बघायला तिने गाडी चालू केली. नकाशा उघडला. शेवटचं ठिकाण सगळ्यांत वर होतं: ब्लूटाउन, प्लॉट ४१७.

तो तिच्याच घराचा पत्ता होता.

गाडीची मालकीण मोत्लालेबाई, इथल्या आदराच्या बोलीत म्मा मोत्लाले, सावलीत बाकावर बसली होती. चाळिशीची, नीटनेटकी बाई. नुकतीच सेरोवे गावाहून इथे राहायला आलेली.

"कामाला कुठे असता, म्मा?" किल्ली देताना सेथुन्याने सहज विचारलं.

"सकाळी मोकळीच असते गं. ज्याला माझी गरज असेल त्याच्याकडे जाते," म्मा मोत्लाले हसून म्हणाली आणि निघून गेली.

सेथुन्याचा नवरा तिरो गोदामावर रात्रीचा पहारेकरी होता. पहाटे यायचा, दुपारपर्यंत झोपायचा. त्या संध्याकाळी तिने पाहिलं, टेबल लख्ख पुसलेलं होतं. दोन कप धुऊन पालथे घातले होते.

"कोणी आलं होतं का?"

"इथे? कोण येणार?" तिरो बुटाची नाडी बांधत म्हणाला. मान काही वर केली नाही.

पुढच्या शुक्रवारी तोच पत्ता. सेथुन्याला रात्रभर झोप लागली नाही. अकरा वर्षांचा संसार. माणूस मुखदुर्बळ, पण सरळ, असंच ती धरून चालली होती. आता तो जेवताना मधेच गप्प व्हायचा, तिच्याकडे बघत राहायचा. तिने वळून पाहिलं की नजर खाली घालायचा. एकदा तिने त्याचा शर्टही हुंगून पाहिला. नुसता साबणाचा वास आला. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि रागही आला.

तिसऱ्या शुक्रवारी म्मा मोत्लाले घाईत होती. "जरा लवकर आटप हं. दहा वाजता एकजण वाट बघत असतो."

सेथुन्या गाडीत बसली. स्क्रीन बंद केली नाही. पत्ता समोर झळकत होता. तिने निळ्या औषधाची बाटली उचलली आणि थेट त्या पत्त्यावर मारली. एकदा, दोनदा, पुन्हा. मग कागदाच्या बोळ्याने खसाखसा घासत सुटली. स्क्रीन थरथरली, तिच्यावर आडव्या रेघा उमटल्या आणि ती विझली.

ओटेंग धावत आला. "वेड लागलं का तुला? तू? तूच असं करतेस?"

म्मा मोत्लाले उठून आली. काळ्या स्क्रीनकडे बघितलं, मग सेथुन्याच्या चेहऱ्याकडे. "असू दे. रस्ता पाठ झालाय आता," ती शांतपणे म्हणाली. "स्क्रीनचं नंतर बघू." आणि गाडी घेऊन गेली.

सेथुन्याने एप्रन काढून फेकला. "ती माझ्या घरी जातेय. तिरोकडे. तो मला फसवतोय, ओटेंग."

ओटेंगने तिचा हात धरला. "हे तू म्हणतेस?"

"मग कोण म्हणणार?"

"आत्ता जाऊ नकोस. रागात माणूस काहीही बोलून जातो."

"सोड हात."

ती जवळजवळ पळतच गेली. गाडी दारासमोर उभी होती. आतून बाईचा आवाज येत होता, हळू, लाडीगोडीचा. "पुन्हा. घाबरू नकोस. असं."

सेथुन्याने दार ढकललं.

टेबलापाशी तिरो बसला होता. हातात पेन्सिल, पुढ्यात वही, कपाळावर घाम. शेजारी म्मा मोत्लाले एका अक्षरावर बोट ठेवून होती.

तिरो लहानपणापासून गुरांमागे राहिलेला. शाळा त्याने कधी बघितली नव्हती. पगाराचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं इतकी वर्षं सेथुन्याच त्याला वाचून दाखवायची.

"तुझी बायको होय ही?" म्मा मोत्लालेने विचारलं. तिरोने मान डोलावली तशी बाई उठली. "मग मी निघते. फार कष्ट घेतलेत गं याने. तीन महिने एक दिवस चुकला नाही."

सेथुन्याला तोंड वर करवेना. "म्मा, स्क्रीनचं... मी भरून देईन."

"बोलू नंतर." दार लागलं.

सेथुन्या खुर्चीत बसली आणि रडता रडता हसायला लागली. "मूर्खा, मला का नाही सांगितलंस? मीच शिकवलं असतं."

"एक गोष्ट मला माझी मलाच वाचायची होती," तिरो म्हणाला. "म्मांनाही दाखवली नाही."

त्याने वहीचं पहिलं पान उघडलं. त्यावर वेडीवाकडी अक्षरं होती, कोणीतरी चित्र बघून चित्र काढावं तशी.

"शिकायच्या आधी उतरवून घेतलं होतं. तुझ्या फोनवरून. तो उघडाच असायचा ना माझ्यासमोर."

त्याने पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द जुळवत वाचलं, "तो... कामावर... गेला. आता... ये... ओटेंग."