हलकं ते वर

चौघांनी लोखंडाचा ठोकळा आणून टेबलावर ठेवला, तेव्हा टेबल कण्हलं. म्हातारी मात्र कण्हली नाही.

"घेऊन जा, आई," भट्टीचे साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "काल तो ज्या भांड्यात पडला, त्यातलंच लोखंड आहे. त्याच्या वजनाइतकंच ओतलंय. पुरायला न्यायचं तर गाडी देतो."

"कुठल्या वजनाइतकं? माझ्या हातचं जेवायचा तेव्हाच्या, की तुमच्या कॅन्टीनचं गिळायला लागला तेव्हाच्या?"

 ठोकळा देण्याची कारखान्याची रीतच होती ती. वितळलेल्या लोखंडात माणूस गेला की हाती काही लागत नाही. मग घरच्यांना ठोकळा द्यायचा. मातीत ठेवायला काहीतरी हवं ना.

म्हातारीनं ठोकळ्यावर तळहात टेकला. गार. तिचा धाकटा उभ्या जन्मात इतका गार कधी पडला नव्हता. तापटपणात बापाच्या वरताण.

तिनं सोबत आलेल्या थोरल्या लेकीकडे पाहिलं. थोरली शाळेत भूगोल शिकवायची आणि दुसऱ्या दिवशीचा धडा आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणून बघायची. पीठ मळता मळता म्हातारीच्या कानावरून सगळी सृष्टी गेली होती.

"पृथ्वी कशी झाली म्हणालीस?"

"आई, आत्ता नको."

"आत्ताच. यांच्यासमोर."

थोरली भिंतीकडे बघत बोलू लागली. "सूर्याभोवती धुळीचा ढग फिरत होता. धूळ धुळीला चिकटली, गोळे झाले, गोळे एकमेकांवर आदळले. त्यातूनच पृथ्वी झाली. तापून वितळलेली, या भट्टीसारखी. जड लोखंड बुडालं, पार पोटात गेलं. हलकं होतं ते..."

"बोल."

"हलकं ते वर आलं. दुधावर साय येते तसं. ते गार झालं, त्याचीच जमीन झाली."

"साहेब, माझा पोरगा लोखंडापेक्षा जड होता का हो?"

साहेबांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"भांड्यात वर जो मळ येतो, त्याचं काय करता?"

"काढून टाकतो. मागे ढीग आहे."

"कालचाही?"

साहेबांनी रुमाल काढला आणि ठोकळ्यावर नसलेला डाग पुसत राहिले.

"मग हा राहू दे तुम्हालाच," म्हातारी उठत म्हणाली. "कागद उडणार नाहीत."

मागच्या ढिगाऱ्यांपाशी एक फावडेवाला उभा होता. त्यानं फावड्यानंच कालची रास दाखवली. वरून राखाडी, भेगांत अजून लाल. तिच्यावरची हवा थरथरत होती. म्हातारी सरळ पुढे निघाली, तसा थोरलीनं तिचा दंड धरला.

"आई, भाजेल."

"त्याला नाही भाजलं?"

थोरलीनं दंड सोडला नाही. म्हातारीनं फावडेवाल्याला विचारलं, "कधी गार होईल हे?"

"परवापर्यंत होईल, आजी."

"आणि पृथ्वीला किती लागले गं?"

"लाखो वर्षं," थोरली कशीबशी म्हणाली.

शेजारच्या जुन्या ढिगावर गवत उगवलं होतं. म्हातारी त्यावर ऐसपैस बसली.

"मग परवा काही लांब नाही. तू जा घरी. मी बसते."