चवळीवरचा मावा

द्वारकाबाईंच्या गच्चीतल्या चवळीवर मावा दिसताच निरीक्षकाने ज्वालायंत्र पेटवलं. "आजी, किडा सापडला की बाग जाळायची. नियमच आहे."

"माझ्या वांग्यावर एक तरी दाखव, मुडद्या!" बाई आडव्या उभ्या राहिल्या. "चवळी मुद्दाम माव्यासाठी लावलीय. आणि मावा यांच्यासाठी!"

त्यांनी पान उलटलं. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा मावा फस्त करत होता. तीस वर्षं सरकारने विष फवारलं. मावा मेला नाही, त्याला खाणारे तेवढे संपले. निरीक्षकाने असला जीव फक्त चित्रात पाहिला होता.

"असे किती आहेत?" त्याचा आवाज उतरला.

"इथे दहा-बारा. सहाशे सकाळीच शहरभरच्या गच्च्यांवर सोडलेत. जाळ आता! कुठवर जाळतोस, बघतेच."