चौदा किलोमीटर जास्त

‘आज मीपण येते फलटणपर्यंत,’ म्हणत शालन ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसली. जालिंदरचा चेहरा पडला, ते तिने बरोबर टिपलं.

नवरा गेल्यावर विम्याच्या पैशातून घेतलेला हा ट्रक तिच्या नावावर होता आणि दीर जालिंदर तो चालवत होता. जड गाड्यांना किलोमीटरमागे टोल सुरू झाला आणि प्रत्येक खेपेचं अंतर तिच्या मोबाईलवर यायला लागलं. दर वेळी चौदा किलोमीटर जास्त. डिझेल विकत असेल, नाहीतर वाटेत कुणी बाई ठेवली असेल. विचारलं की ‘रस्ता खराब आहे’ एवढंच म्हणायचा.

नदी जवळ आली आणि जालिंदरने गाडी जुन्या रस्त्याला वळवली.

‘पूल समोर दिसतोय. मग हा वळसा कशाला?’

त्याने गाडी कडेला घेतली. ‘पुलावरनं नेत नाही मी, वहिनी. दादाची गाडी तिथनंच खाली गेली. जास्तीचा टोल माझ्या पगारातनं कापा.’

तिला त्याच्याकडे बघवेना. तीन वर्षांत ती जागा तिला कुणी दाखवली नव्हती. बायकांनी जाऊ नये, म्हणाले होते.

‘मला तिथं घेऊन चल,’ ती म्हणाली.

गाडी तिथेच लावून दोघं पुलावर चालत गेली. लोखंडी कठड्याचा चार हातांचा तुकडा तेवढा नवा होता. उन्हाने तापलेल्या त्या तुकड्यावर शालनने हात ठेवला आणि मागेच थांबलेल्या जालिंदरला जवळ बोलावलं.