सूर्याच्या हातचा भात

चिंतामणशास्त्र्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या आणि भाताचा पहिला घास हातात घेऊन ते थबकले. चूल थंडगार होती. राखेत मांजर झोपलं होतं.

"हा भात शिजला कशावर?"

"अंगणात. बंडूच्या सूर्यचुलीवर," अनसूयाबाई म्हणाल्या.

शास्त्र्यांनी घास परत पानात ठेवला.

त्यांचा मुलगा बंडू अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. नागपूरच्या प्रदर्शनातून त्यानं ही चूल आणली होती. परातीच्या चौपट मोठा, खोलगट, चकचकीत पत्र्याचा आरसा आणि त्याच्या पुढ्यात पातेलं ठेवायला लोखंडी कडं. सत्तावन्न सालच्या वैशाखातलं अकोल्याचं ऊन त्यात सापडलं की पातेलं खदखदायला लागे. बंडूनं ती हौसेखातर आणली नव्हती. पऱ्हाट्यांच्या, कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, धुरानं आईचे डोळे चालले होते. "आणखी वर्षभर धूर खाल्ला, तर चष्म्याचाही उपयोग नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

जुन्या शहरातल्या त्या गल्लीत या चुलीवर मत नाही असा माणूस नव्हता. शेजारचे नत्थुजी तर सकाळीच येऊन गेले होते. "शास्त्रीबुवा, त्या आरशाचं ऊन माह्या गोठ्यावर पडलं त? पऱ्हाट्याईचं छप्पर हाये, भकदिशी पेटन!"

शास्त्र्यांचं मत सगळ्यांहून जड होतं. "उघड्यावरचं अन्न! वरून कावळे जातात, येणारा-जाणारा पाहते. सोवळं राहिलं कुठं? मी उपाशी उठीन, पण हे खाणार नाही. उद्यापासून चूल पेटव."

चाळीस वर्षांत अनसूयाबाई नवऱ्याला उलटून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र वाढता वाढता थांबून त्यांनी विचारलं, "रोज सकाळी ज्याले अर्घ्य देता, त्याच्या हातचं तुमाले चालत नाही?"

शास्त्र्यांनी भात निरखला आणि ते जेवले. दुपारची वामकुक्षी सोडून पोथ्या काढून बसले. वाद हरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. हरायची वेळ आली की समोरच्याचीच बाजू घेऊन ते त्याच्याही पुढे धावत.

संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. सूर्यानं शिजवलेल्या अन्नाइतकं शुद्ध दुसरं काही नाही! "पण एवढ्या शुद्ध अग्नीले कोणाचाही हात चालत नाही. स्नान पाहिजे, ओलं सोवळं पाहिजे. दर अर्ध्या घटकेले आरसा सूर्याकडे वळवायचा असते. सूर्य कोणत्या घटकेले कुठं असते, हे पंचांगवाल्याशिवाय कोणाले कळते? हे बाईमाणसाचं काम नोहे!"

"खरंच. मले कसं जमन ते?" अनसूयाबाई मान खाली घालून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून शास्त्री ओल्या सोवळ्यात अंगणात उभे. पोळ्यांना त्यांनी उन्हाळाभर रजा देऊन टाकली आणि वरण, भात, भाजी स्वतः रांधू लागले. नत्थुजींना तर त्यांनीच दटावलं, "आरशाचं तोंड सूर्याकडे असते, ऊन तिकडेच परतते. सूर्यच खाली गोठ्यात उतरला तर तुमच्या गोठ्याची काळजी कोणाले राहीन?"

पहिल्या दिवशी वरण खारट झालं. तिसऱ्या दिवशी भात लागला. आठव्या दिवशी शास्त्र्यांनी स्वतःच्याच भाजीला नावाजून दुसऱ्यांदा वाढून घेतली. पंधरा दिवसांत अनसूयाबाईंच्या डोळ्यांची लाली उतरली. त्या ओसरीवर निवांत टेकून बसू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि त्यांना ते फार आवडलं.

नत्थुजींच्या माणिकबाईंना राहवलं नाही. "वयनी, पावसाळ्यात ऊन नसन. मंग काय करसान?"

अनसूयाबाईंनी अंगणात पाहिलं. शास्त्री पळीनं वरण चाखत होते.

"पावसाळ्याले अजून महिना आहे, माणिकबाई," त्या हळूच म्हणाल्या. "तोवर यांचा हात बसते. मग सूर्य काय अन् चूल काय!"