सेरेसचं दार

पृथ्वीच्या जहाजातली हवा संपत आली होती आणि सेरेस बंदराचं दार उघडायचं की नाही, हे बंदरप्रमुख वैजयंती गुरवला ठरवायचं होतं. गेल्याच वर्षी सेरेसने मंगळाशी करार केला होता. पृथ्वीचं एकही जहाज इथे उतरू द्यायचं नाही, आणि त्या बदल्यात मंगळाच्या लढाऊ नौका या बटुग्रहाचं रक्षण करणार.

मंगळाचे राजदूत धारप तिच्या शेजारीच उभे होते.

"बाई, ती युद्धनौका आहे," ते म्हणाले. "दार उघडलंत तर करार मोडला. आमच्या नौका आजच परत जातील."

"जाऊ देत."

"पृथ्वीच्या नाकेबंदीत तुमचा भाऊ औषधावाचून गेला. विसरलात?"

"नाही विसरले," वैजयंती म्हणाली. "तेव्हाही कोणीतरी असंच आपल्या नियमावर बोट ठेवून औषध अडवून बसलं होतं."

तिने दाराची कळ दाबली. धारप निघून गेले, आणि थोड्याच वेळात मंगळाच्या नौका पडद्यावरून दिसेनाशा झाल्या. वैजयंती स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली.

जहाजातले सैनिक धापा टाकत, एकमेकांना धरून बाहेर आले. त्यांच्या कप्तानाने हात जोडले. वैजयंतीने त्याच्या कमरेच्या पिस्तुलाकडे बोट दाखवलं.

"हत्यारं इथे काढून ठेवा. दवाखाना डावीकडे आहे. आणि बरे झालात की तुमच्या सरकारला कळवा, सेरेस आता कोणाच्याच बाजूने नाही."

कप्तानाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पिस्तूल काढून तिच्या हातात दिलं.