पिवळा पडलेला उजेड

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले, आणि शालन जास्तच गोंधळली. मग गेल्या सोमवारी पहाटे गाडीने नवऱ्याला डायलिसिसला नेताना, समोरून चालत येणारी बाई तिला का दिसली नाही? नवरा ओरडला म्हणून ती बाई वाचली. तेव्हापासून शालनने गाडीला हात लावला नव्हता. दोघं रिक्षाने जात होती.

आता गाडी विकूनच टाकू म्हणून ती दोघं गॅरेजमध्ये आली. मेकॅनिकने गाडीभोवती फेरी मारली आणि पुढच्या दिव्यावर अंगठा घासला.

"वहिनी, हे प्लास्टिक उन्हाने पिवळं पडलंय. उजेड बाहेर येणार कसा?"

"पण मला कळलं कसं नाही?"

"रोज थोडा थोडा कमी होत गेला, कसं कळणार? पॉलिश करून देतो, पण सहा महिन्यांत पुन्हा पिवळं पडेल. नवी जोडी बावीस हजारांची, आणि गाडीचे साठसुद्धा येणार नाहीत."

आठवडाभर शालन स्वतःलाच दोष देत होती. आता प्लास्टिकवर रागवायचं तरी कसं?

"नवीच जोडी बसव," नवरा मेकॅनिकला म्हणाला. मग तिच्याकडे न बघता पुटपुटला, "मीही तुझ्याच डोळ्यांना नावं ठेवत होतो."